महोगनीला पर्याय कोणता? गिटारच्या नेकचं लाकूडशास्त्र

अकूस्टिक गिटारच्या सहा स्टीलच्या तारा मिळून साधारण ७० किलोचा ताण देतात. गिटार वाजत असो वा खोक्यात पडून असो, जेमतेम २ सेंटिमीटर जाडीची नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, तो दिवसरात्र सोसते. ती किंचित जास्त वाकली, तर तारा फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडतात किंवा इतक्या उंच राहतात की दाबताना बोटं दुखतात.

या कामासाठी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं महोगनी पिढ्यानपिढ्या वापरलं गेलं. वादक त्याच्या ‘उबदार’ नादाचं कौतुक करतात. नेकच्या बाबतीत मला हे कौतुक जरा जास्तच वाटतं. कारागिराला महोगनी आवडायचं खरं कारण वेगळं आहे: ते मुकाट्याने वाळतं.

हवेत ८० टक्के आर्द्रता असेल, तर लाकडातला ओलावा १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ३० टक्के आर्द्रतेत तो ६ टक्क्यांवर येतो. कोकणातल्या पावसाळ्यातून उचलून एसीच्या खोलीत ठेवलेली गिटार हाच प्रवास करते. ओलावा घटला की लाकूड आक्रसतं, पण सगळीकडे सारखं नाही. वाढीच्या वलयांना समांतर दिशेत ते जास्त आटतं, वलयांना छेदणाऱ्या दिशेत कमी. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत महोगनी या दोन दिशांत सुमारे ४.३ आणि २.९ टक्के आटतं. हार्ड मेपलचे आकडे ९.९ आणि ४.८ आहेत. दोन दिशांतली तफावत जितकी मोठी, तितकी फळीला पीळ पडायची भीती जास्त. नेकच्या पोटात बसवलेला साधा ट्रस रॉड, म्हणजे धातूची सळई, पुढचा-मागचा बाक सुधारतो, पण पीळ काढणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून पर्यायी लाकूड निवडताना मी कडकपणाच्या आधी हे दोन आकडे पाहीन.

पर्याय शोधायची वेळ आली ती बेसुमार तोडीमुळे. नोव्हेंबर २००३ पासून अमेरिका खंडातल्या या महोगनीचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आला. म्हणजे बंदी नाही, पण परवान्याशिवाय निर्यातही नाही. क्लासिकल गिटारच्या नेकचं पारंपरिक लाकूड, स्पॅनिश सीडर, २०२० मध्ये त्याच यादीत गेलं. बरेच जण आफ्रिकन महोगनीकडे, म्हणजे खाया प्रजातींकडे वळले होते. २०२२ च्या पनामा परिषदेत त्यांचीही नोंद झाली. ही तिन्ही झाडं आपल्या कडुनिंबाच्या कुळातली आहेत.

त्याच कुळातलं सपेली आज मोठ्या कंपन्यांच्या गिटारींतही दिसतं. हे आफ्रिकी लाकूड महोगनीपेक्षा जास्त आटतं, ७.२ आणि ४.८ टक्के, पण दोन्हींचं गुणोत्तर महोगनीइतकंच, दीडपट. नीट वाळवून घेतलं की ते सरळ राहतं. त्रास रंध्याखाली होतो. त्याचे तंतू थराथराला उलटसुलट झुकलेले असतात, त्यामुळे दिसायला सुंदर पट्टे येतात आणि रंधा मारताना कपच्या उपटून निघतात.

सपेली महोगनीहून साधारण २० टक्के ताठ आहे, याचा बराच गवगवा होतो. पण पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटरची महोगनीची नेक २१.२ मिलिमीटर केली, की ती भरपाई होऊन जाते!

वेंगेचं उलट. घनमीटरला सुमारे ८७० किलो वजनाचं हे आफ्रिकी लाकूड महोगनीच्या जवळजवळ पावणेदोनपट ताठ असतं. वॉरविक या जर्मन कंपनीच्या बास गिटारींमुळे त्याचं नाव झालं. हलक्या बॉडीला अशी नेक जोडली, तर पट्टा गळ्यात असताना नेक जमिनीकडे झुकते आणि डावा हात ती सावरण्यातच गुंततो. शिवाय त्याच्या कुसळांचा कारागिरांना वैताग येतो. बोटात शिरलं की पिकतं.

मग सागवान का नाही? एकूण आकुंचन कमी, टिकाऊपणाबद्दल बोलायलाच नको. पण त्यातली सिलिका पटाशीची धार बघता बघता खाते आणि तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. नेकवर तर फ्रेट बसवलेली पूर्ण लांबीची फळी, फ्रेटबोर्ड, चिकटवायची असते. चिकटवण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग द्रावकाने पुसला तर जमतं, पण चुकायला वाव राहतो.

मला जास्त रस आहे तो तुणीच्या लाकडात. मिरजेच्या सतारी याच लाकडाच्या होतात. तूण पूर्वी स्पॅनिश सीडरच्याच प्रजातिगटात गणली जायची. वजन आणि ताठपणा दोन्हींत ती सीडरच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे नायलॉनच्या कमी ताणाच्या तारांसाठी ती जमायला हवी. स्टीलच्या तारांसाठी मात्र मी जाड नेक आणि ट्रस रॉड दोन्ही मागेन.

महोगनीच हवं असेल, तर लागवडीचं आहे. साइट्सची नोंद अमेरिका खंडातल्या झाडांपुरती असल्याने फिजी किंवा भारतात लावलेलं महोगनी तिच्या बाहेर राहतं. भारतात महोगनीची रोपं १७९५ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, आणि अलीकडे महाराष्ट्रातले शेतकरीही ते लावू लागले आहेत. मात्र नेकसाठी पाऊण मीटर सरळ तंतूंची, गाठ नसलेली फळी लागते. त्या आड येते हिप्सिपायला नावाच्या पतंगाची अळी. ती कोवळा शेंडा पोखरते, मग झाडाला दोन-तीन शेंडे फुटतात आणि सरळ खोड तिथेच संपतं. फिजीत ही अळी नाही, म्हणून तिथे लांब सरळ ओंडके मिळतात. आपल्याकडे तिची भारतीय जात तुणीवर आधीपासूनच पोसलेली आहे. त्यामुळे पहिली काही वर्षं शेंड्यावर नजर ठेवून एकच फांदी वर जाऊ द्यावी लागते. नाहीतर हाती येतं ते जळण किंवा फार तर प्लायवूडचं लाकूड.