मंद चेंडूच्या पिचरला जागा द्या

बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टायलर रॉजर्स याला २०१७ मध्येच मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये, घ्यायला हवं होतं. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी त्याला घेतलं २७ ऑगस्ट २०१९ला, तो २८ वर्षांचा झाल्यावर. त्याआधी २०१७ आणि २०१८ हे दोन्ही मोसम तो जायंट्सच्याच सॅक्रामेंटोच्या दुय्यम संघात काढत होता आणि दर नऊ इनिंगमागे अडीचपेक्षा कमी धावा देत होता. तेही पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये! अल्बुकर्की, रीनो, सॉल्ट लेक अशी उंचावरची मैदानं तिथे आहेत. विरळ हवेत चेंडू कमी वळतो आणि फटका लांब जातो, त्यामुळे भल्याभल्या पिचरांचे आकडे तिथे बिघडतात.

वर न घेतलेल्या अशा खेळाडूला ठरावीक वर्षांनंतर दर डिसेंबरात दुसरा कुठलाही संघ उचलू शकतो. टायलरला कुणीही उचललं नाही.

कारण एकच, रडार गन. त्याच्या चेंडूचा वेग ताशी १३४ किलोमीटरच्या आसपास, तर मेजर लीगमधला सर्वसाधारण फास्टबॉल १५०च्या पुढे. त्याचा हुबेहूब जुळा भाऊ टेलर डावखुरा आणि वेगवान. तो २०१६ मध्येच वर पोचला होता.

पण टायलर चेंडू सोडतो कुठून ते पाहा. तो कमरेत इतका वाकतो, की चेंडू सुटताना त्याचा हात गुडघ्याच्याही खाली, मातीला घासेल असा असतो. केदार जाधव खाली वाकून, हात आडवा करून फिरकी टाकायचा तेव्हा चांगल्या चांगल्या फलंदाजांची तारांबळ उडायची. टायलरचा हात त्याच्याही बराच खाली जातो.

यामागचं भौतिकशास्त्र फार सुंदर आहे. चेंडू हवेत असतो जेमतेम ०.४ सेकंद. तेवढ्यात नुसत्या गुरुत्वाकर्षणाने तो पाऊण मीटरहून अधिक खाली यायला हवा. पण खांद्यावरून टाकलेल्या फास्टबॉलला उलटी फिरकी असते. तिच्यामुळे चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते आणि चेंडूला वरच्या दिशेने रेटा मिळतो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. त्यामुळे फास्टबॉल साधारण ४० सेंटिमीटर कमी पडतो आणि बॅटरला तो वर उठल्यासारखा भासतो.

टायलरच्या सिंकरचं, म्हणजे खाली बुडणाऱ्या वेगवान चेंडूचं, सगळं उलट. हात खालून येत असल्याने फिरकीची दिशा पालटते आणि रेटा वर न लागता बाजूला आणि खाली लागतो. चेंडू मंद, म्हणजे गुरुत्वाकर्षणालाही जास्त वेळ मिळतो. चेंडू जमिनीजवळून निघतो, आधी वर चढतो आणि बॅटरसमोरच्या प्लेटजवळ झपकन खाली बसतो. त्याचा स्लायडर, म्हणजे वळणारा हळू चेंडू, आणखी मजेशीर. इतरांचा स्लायडर खाली वळतो. याच्या स्लायडरला मात्र फिरकी वर धरून ठेवते. म्हणजे वेगवान चेंडू बुडतो आणि हळू चेंडू वर राहतो.

बॅटरची अडचण इथेच होते. बॅट फिरवायलाच सुमारे ०.१५ सेकंद लागतात, त्यामुळे शेवटपर्यंत चेंडू बघत बसणं शक्य नसतं. पहिल्या टप्प्यातली हालचाल पाहून चेंडू कुठे येईल याचा अंदाज मेंदू बांधतो, आणि तो अंदाज आयुष्यभर वरून आलेल्या हजारो चेंडूंवर घडलेला असतो. खालून आलेल्या चेंडूला तो लागू पडत नाही. बॅट आणि चेंडू दोन्ही गोल, जाडीला जेमतेम सात सेंटिमीटर. एक-दोन सेंटिमीटरची चूक झाली, की चेंडूच्या वरच्या अंगाला बॅट लागते आणि फटका सरपटत जातो. सरपटी फटक्याचा होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका, होत नाही.

आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. टायलरला स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होणारे बॅटर, कमी मिळतात. चेंडू बॅटला लागत राहतो, त्यामुळे मागचे क्षेत्ररक्षक चपळ हवेत. पिचरचं खरं नियंत्रण स्ट्राइकआउट, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) आणि होमरनवरच, बाकी बरंचसं नशीब, असं बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन याने २००१ मध्ये मांडलं. ढोबळमानाने ते बरोबरच आहे. पण वॉक आणि होमरन या दोन्ही खात्यांत टायलर अतिशय कंजूष आहे. शिवाय २०१५पासून प्रत्येक फटक्याचा वेग मोजला जातो, आणि त्याच्या चेंडूंवरचे फटके वर्षानुवर्षं लीगमधल्या सर्वांत मिळमिळीत फटक्यांत मोडतात. हे नशीब कसं म्हणणार?

संघात आता २६ जागा, त्यांत जास्तीत जास्त १३ पिचर. पहिल्या बेसवर रनर, एकच आउट, सामना एका धावेवर अडलेला. अशा वेळी सरपटी फटका काढून एकाच चेंडूत दोन गडी मिळवून देणारा माणूस हाताशी असणं मला १६० किलोमीटरच्या चौथ्या-पाचव्या पिचरपेक्षा मोलाचं वाटतं. त्याच्या आधी-नंतर वेगवान पिचर असला तर आणखी चांगलं, कारण बॅटरला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. २०२१ मध्ये जायंट्सनी टायलरला ८० सामन्यांत उतरवलं आणि दर नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावा होत्या २.२२.

दुय्यम लीगमध्ये खालून टाकणारे पिचर आजही आहेत. त्यांची निवड करताना रडार गनचा आकडा बाजूला ठेवा. त्यांच्या चेंडूवर बसलेल्या फटक्याचा वेग आणि सरपटी फटक्यांचं प्रमाण आधी मागवा. हे मोजायची यंत्रणा आहेच.