दगड उलटा करून बघा

वाहत्या ओढ्यातला मुठीएवढा दगड उचलून उलटा केला, की खालची ओली बाजू आधी रिकामीच वाटते. जरा थांबलं की काहीतरी सरकतं. नखाएवढी चपटी अळी, मागे तीन बारीक शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले आणि ते सारखे हलताहेत. ही मेफ्लाय नावाच्या कीटकाची अळी. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेली छोटीशी नळी असेल, तर ते कॅडिसफ्लायच्या अळीचं घर. ही अळी तोंडातून रेशीम काढते आणि त्यानं वाळू, काड्या, पानांचे तुकडे सांधत जाते. नीट दोनच शेपट्या दिसल्या तर ती बहुधा स्टोनफ्लाय. हे तिन्ही गट भरपूर सापडत असतील, तर पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे असं समजायला हरकत नाही. त्यांच्याऐवजी चिखलात लालभडक अळ्यांचा बुजबुजाट असेल, तर शंका घ्यावी. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्या त्याच्या जोरावर तग धरतात.

आता कोणी म्हणेल, पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत दिली की झालं, किडे कशाला मोजायचे? अडचण अशी की बाटलीत फक्त त्या क्षणाचं पाणी असतं. रात्री कोणी सांडपाणी सोडलं आणि सकाळपर्यंत ते वाहून गेलं, तर दुपारी भरलेल्या बाटलीत त्याचा मागमूसही नसतो. अळ्यांचं तसं नाही. काही स्टोनफ्लाय वर्षभर, तर काही त्याहूनही जास्त काळ पाण्यातच वाढतात. त्या अवधीत एकदा जरी पाणी बिघडलं, तरी नाजूक जाती तिथून नाहीशा होतात आणि ते पुढे बरेच दिवस दिसत राहतं. शिवाय बिघाड म्हणजे दरवेळी विषच असं नाही. ० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना जेमतेम ७.५. काठावरची झाडं तोडून ओढा उन्हात उघडा टाकला, तर एक थेंब रसायन न मिसळताही कीटकांची पंचाईत होते.

ही परीक्षा कोणालाही शिकवता येते. ओढ्यांबाबतच्या लोकशिक्षणाचा पाया म्हणून तिचा वापर झाला तो त्यामुळेच. अमेरिकेतल्या आयझॅक वॉल्टन लीग या संस्थेनं १९६९मध्ये ‘सेव्ह अवर स्ट्रीम्स’ (आपले ओढे वाचवा) हा उपक्रम सुरू केला. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘मिनीसॅस’ पद्धतीत तर फक्त १३ गट ओळखायचे असतात. प्रत्येक गटाला त्याच्या नाजूकपणाप्रमाणे गुण ठरलेले आहेत. सापडलेल्या गटांच्या गुणांची सरासरी काढली की ओढ्याची अवस्था कळते. जाती ओळखायची गरज नाही, शाळकरी मुलंही हे करतात.

पण हौशी लोकांनी काढलेल्या आकड्यांवर विसंबायचं कितपत? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ‘सेव्ह अवर स्ट्रीम्स’च्या बाबतीत हे तपासून पाहिलं गेलं. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की स्वयंसेवक वापरत होते ती जुनी पद्धत ओढ्यांना सातत्यानं जास्त गुण देत होती. आजारी ओढे निरोगी ठरत होते. मला यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. संशोधकांनी स्वयंसेवकांना घरी पाठवलं नाही, पद्धत बदलली. कीटक नुसते ‘आहेत’ की ‘नाहीत’ एवढ्यावर न थांबता ते मोजायला लावले, आणि नव्या पद्धतीचे निष्कर्ष तज्ज्ञांच्या निष्कर्षांशी पुष्कळच जुळले. दोष लोकांच्या डोळ्यांत नव्हता, हातात दिलेल्या तक्त्यात होता.

अर्थात दगडाखाली दिसतं ते फक्त लक्षण. कारण बहुतेक वेळा वर कुठेतरी, पाणलोटात, म्हणजे ज्या जमिनीवरचं पाणी उतरून ओढ्याला मिळतं त्या भागात असतं. आपण एका पाणलोटात राहतो हेच मुळात पटकन डोळ्यांसमोर येत नाही. ते दाखवायला एक जाड कागद पुरतो. तो चुरगळून अर्धवट उलगडायचा, उंचवट्यांच्या कडांवर पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या पेनानं रेषा ओढायच्या आणि वरून फवारा मारायचा. शाई घळींतून उतरत खोलगट जागी जमते आणि कुठल्या उतारावरचं पाणी कुठे गेलं ते रंगावरून ओळखू येतं. मग प्रत्येकानं कागदावर आपलं घर कुठेही ठेवावं. खाली कोणीतरी असतंच.

याला हिशेबाची जोड द्यावी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छतावर ३० मिलिमीटर पाऊस झाला, तर ३,००० लिटर. तेवढंच पाणी झाडोऱ्याच्या जमिनीवर पडलं तर बरंचसं मुरतं आणि मागाहून हळूहळू ओढ्याला मिळतं. छत, फरसबंदी, डांबर यांवरून मात्र ते एकदम धावतं, काठ खरवडतं आणि रस्त्यावरचं तेल-माती घेऊन जातं. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारातलं पाणी अनेक शहरांत कुठल्याही शुद्धीकरणाविना थेट ओढ्यात जातं, हे ऐकून भलेभले चकित होतात. कोरड्या ओढ्यांचीही अशीच उपेक्षा. २०२१च्या एका जागतिक अभ्यासानुसार जगातल्या नद्या-ओढ्यांच्या एकूण लांबीपैकी ५१ ते ६० टक्के भाग वर्षातून निदान एक दिवस तरी वाहायचा थांबतो किंवा कोरडा पडतो. म्हणजे कोरडं पात्र ही पडीक जागा नव्हे. राडारोडा टाकायला तर नव्हेच.

एवढं समजलं म्हणून माणसं वागणं बदलतात का? क्वचितच. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या पाणलोटात लोक वसंत ऋतूत हिरवळीला खत घालत. पावसानं ते वाहून जाई, शेवाळ माजे, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपे. पर्यावरणाच्या नावानं केलेली आवाहनं लोकांच्या कानावरून जात होती. २००५मध्ये तिथं एक मोहीम निघाली, ‘खेकडे वाचवा, मग खा’ अशा अर्थाची. वसंतात नको, शरदात खत घाला, नाहीतर आवडते खेकडे ताटात येणार नाहीत, एवढाच मुद्दा. मागणी एकच, तीही नेमकी, आणि कारण लोकांच्या जिभेवरचं. ‘निसर्ग जपा’ छापाच्या फलकांना हे जमत नाही.

स्वच्छता मोहिमांबद्दलही थोडं कडवट बोलायला हवं. प्लास्टिक उचललंच पाहिजे, पण फोटोत छान दिसणाऱ्या त्या सकाळीनंतर वाहून येणारी माती, खत आणि मैलापाणी तसंच राहतं. उत्साहाच्या भरात पडलेली खोडं आणि कुजकी पानंही काढली जातात. झाडांच्या सावलीतल्या लहान ओढ्यांत तर ती पानंच पुष्कळ अळ्यांचं मुख्य अन्न असतं.

त्यापेक्षा कमी दिखाऊ काम असं: ज्या जागेचा संशय आहे तिच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक, अशा दोन जागा ठरवायच्या. दोन्हीकडे प्रवाह आणि तळाचे दगड शक्यतो सारखे हवेत, नाहीतर तुलना फसते. दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच जाळीनं, तेवढाच वेळ नमुना घ्यायचा. वरच्या जागेचे गुण चांगले आणि खालच्याचे सतत पडलेले दिसले, तर गडबड त्या दोहोंच्या मधल्या टप्प्यात आहे. तो टप्पा मग काठाकाठानं पायी चालून बघायचा. मध्ये कुठला नाला येऊन मिळतो, कुठल्या पाइपाचं तोंड झुडपाआड आहे, कुठे काठ ढासळलाय, याची तारखेसह नोंद करायची आणि आकड्यांच्या तक्त्यासोबत ती ज्यांच्या अखत्यारीत तो ओढा येतो त्यांच्याकडे लेखी द्यायची.