चिन्हक-साहाय्यित निवड

पिकांचे नवे वाण तयार करण्याची एक पद्धत. हवा असलेला गुण शेतात दिसण्याची वाट न पाहता त्या गुणाच्या जनुकाशी निगडित असलेली डीएनएतील खूण, म्हणजे चिन्हक, तपासून रोपे निवडली जातात. तपासणीला कोवळ्या पानाचा तुकडा पुरतो. परका जनुक पिकात घातला जात नाही. संकर नेहमीसारखाच असतो, त्यामुळे या वाणांची गणना जनुक-परिवर्तित पिकांत करणे चूक ठरेल.

ठळक उदाहरण भाताचे आहे. पुरात बुडालेले साधारण भाताचे रोप पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी भराभर वाढते, साठवलेली साखर संपवते आणि पाणी ओसरल्यावर कोलमडते. ओडिशातील जुन्या वाणातून निवडलेला ‘एफआर १३ए’ मात्र वाढ थांबवून साठा राखतो आणि सुमारे दोन आठवडे बुडूनही तग धरतो. हा गुण चांगल्या वाणांत आणण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते, पण त्याबरोबर जुन्या वाणाचे नकोसे गुणही येत आणि शेतकरी ते भात नाकारत. १९९६ मध्ये या गुणाची ‘सब-१’ ही जागा नवव्या गुणसूत्रावर सापडली, २००६ मध्ये तेथील ‘सब-१ए’ हा जनुक ओळखला गेला. याच सुमारास फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आंध्र प्रदेशातील लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाणाशी पुन्हापुन्हा संकर केला. दर पिढीत दोन गोष्टी पाहिल्या: सब-१ आला का, आणि बाकीचा डीएनए स्वर्णाचाच राहिला का. ‘स्वर्णा सब-१’ भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. पूर न आल्यास तो स्वर्णासारखेच उत्पादन देतो. तो स्वीकारला जाण्याचे खरे कारण बहुधा हेच असावे.

त्याआधी, २००५ मध्ये, हरियाणात ‘एचएचबी ६७ सुधारित’ हा बाजरीचा संकरित वाण प्रसारित झाला होता. केवडा किंवा गोसावी या रोगाला तोंड देणारे जनुक त्याच्या एका जनक वाणात चिन्हकांच्या साहाय्याने आणले होते. गोसावीत कणसावर दाण्यांऐवजी हिरवी पाने फुटतात. महाराष्ट्रातील बाजरी उत्पादकांनाही हा रोग चांगलाच परिचित आहे.

एकाच जनुकाचा मोठा प्रभाव असलेल्या गुणासाठी ही पद्धत उत्तम चालते. उत्पादनासारख्या गुणामागे मात्र अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. तेथे ‘जनुकसंच निवड’ वापरतात: संपूर्ण जनुकसंचावर विखुरलेल्या हजारो चिन्हकांवरून रोपाच्या कुवतीचा अंदाज बांधतात. २००१ मध्ये मांडलेली ही कल्पना आधी दुभत्या गुरांच्या पैदाशीत रुळली. तिचा अंदाज ज्या झाडांच्या नोंदींवर बेततात, त्या नोंदी शेतातच घ्याव्या लागतात. नव्या वाणाच्या अनेक ठिकाणी घ्यायच्या चाचण्याही टळत नाहीत.