‘डीअर’ : पशूपासून हरणापर्यंत

शेक्सपियरच्या ‘किंग लिअर’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात वेडाचे सोंग घेतलेला एडगर सांगतो, की सात वर्षे उंदीर, घुशी आणि असलेच लहानसहान ‘डीअर’ हेच आपले अन्न होते. ‘डीअर’ म्हणजे हरीण एवढेच ठाऊक असलेल्या वाचकाला ही ओळ चमत्कारिक वाटेल. परंतु ती एका जुन्या पद्यकथेतून आलेली असून तिच्यात त्या शब्दाचा मूळ अर्थ टिकून राहिला आहे.

बाराव्या शतकापूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत ‘देओर’ हा शब्द कोणत्याही पशूला, विशेषतः रानटी पशूला, लावत असत आणि नर हरणासाठी ‘हेओरोत’ असा वेगळा शब्द होता. जर्मनमधील ‘टीअर’ आणि स्वीडिशमधील ‘यूर’ ही त्याचीच भावंडे असून त्यांचा अर्थ आजही ‘प्राणी’ असाच आहे. इंग्रजी ‘ड’च्या जागी जर्मनमध्ये ‘ट’ येणे हा नियमित ध्वनिबदल आहे; ‘डे’ आणि ‘टाग’ ही दिवसवाचक जोडी त्याच नियमाने बनली आहे. या साऱ्यांच्या मुळाशी श्वास घेणे या अर्थाचा धातू असावा, असे भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. आपला ‘प्राणी’ प्राणावरून आणि लॅटिन ‘अनिमाल’ श्वासवाचक ‘अनिमा’वरून तयार झाला, हे लक्षात घेतले म्हणजे ही व्युत्पत्ती सहज पटते.

मग अर्थ आकुंचित का झाला? 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून ‘बीस्ट’ आला, पुढे लॅटिनमधून ‘ॲनिमल’ आला आणि व्यापक अर्थ या नव्या शब्दांकडे गेला. तरीही जुन्या शब्दाच्या वाट्याला नेमके हरीणच का यावे, याचे उत्तर माझ्या मते शिकारीत आहे. नॉर्मन राजांनी अरण्ये राखीव केली, तेथील हरणांना कायद्याने संरक्षण दिले आणि शिकारीचे जनावर म्हटले की हरीणच डोळ्यांसमोर येऊ लागले. शिकार या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला ‘व्हेनिसन’ आधी शिकार केलेल्या कोणत्याही जनावराचे मांस दाखवी, तोही पुढे हरणाच्या मांसापुरता उरला. हे दोन अर्थसंकोच परस्परांना पुष्टी देतात.

संस्कृतातील ‘मृग’ शब्दानेही हीच वाट धरली, याचे मला विशेष कुतूहल वाटते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 154व्या सूक्तात विष्णूला ‘मृगो न भीमः’ म्हटले आहे, म्हणजे तो भयंकर श्वापदासारखा आहे. सिंहाला मृगेंद्र, वानराला शाखामृग आणि शिकारीला मृगया म्हणताना आपण तोच जुना अर्थ वापरतो, नुसता ‘मृग’ मात्र मराठीत हरीणच ठरला आहे. इराणी शाखेत याच शब्दाने निराळे वळण घेतले : पारशांच्या अवेस्ता या प्राचीन धर्मग्रंथातील ‘मरग’ म्हणजे पक्षी आणि त्याचाच वंशज असलेला फारसी ‘मुर्ग’ पुढे हिंदीत येऊन कोंबडा झाला.