‘काही’ म्हणजे ‘सगळे नाहीत’? नाही हो!

स्पर्धा परीक्षांत दिलेल्या विधानांवरून कोणता निष्कर्ष निघतो, असे तर्काचे प्रश्न येतात. त्यांसाठी सोलापुरातल्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा एक ‘शॉर्टकट’ आहे: ‘काही अ हे ब आहेत’ दिलं, की ‘काही अ हे ब नाहीत’ हा निष्कर्ष डोळे झाकून बरोबर धरायचा. साफ चूक.

डब्यात पाच कडक भाकऱ्या आहेत, पण तुम्हाला ते माहीत नाही. एक काढून मोडली, कटकन तुटली. आता ‘काही भाकऱ्या कडक आहेत’ हे पक्कं. उरलेल्या चार मऊ आहेत, असं कुठं कळलं? पाचही कडक असू शकतात. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे ‘किमान एक’. वरची मर्यादा नाही. बोलताना आपण ‘सगळे नाहीत’ असं सुचवतो, गोंधळ तिथूनच होतो.

उलटं मात्र चालतं: ‘काही कडक वस्तू भाकऱ्या आहेत’.

आणि ‘काही कडक आहेत’, ‘एकही कडक नाही’ असे दोन निष्कर्ष आले आणि दोन्ही वेगवेगळे सिद्ध होत नसतील, तर ‘दोन्ही चूक’वर टिक करू नका. त्यांतला एक खरा असणारच. उत्तर ‘निष्कर्ष एक किंवा निष्कर्ष दोन’. प्रत्येक गटाचं एक वर्तुळ (अ चं एक, ब चं एक) काढून प्रश्न सोडवताना ती एकमेकांत बसण्याचे शक्य ते सगळे प्रकार काढा. बहुतेक जण सोयीचा एकच काढतात, मी पण तेच करायचो.