आलेखावरचा उंचवटा आणि त्याची रुंदी

‘नवा मूलकण सापडला’ अशी बातमी वाचली की कोणीतरी तो कण प्रत्यक्ष पाहिला असावा, असा अनेकांचा समज होतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) यांच्या टकरींतून चार्मोनियमसदृश कण सापडतो, तेव्हा शास्त्रज्ञांना आलेखावर एक उंचवटा दिसलेला असतो, आणि कणाविषयी जे कळते ते बहुतांशी त्याच्या जागेवरून व आकारावरून.

चार्मोनियम म्हणजे चार्म क्वार्क (क्वार्क हे प्रोटॉनसारख्या कणांचे घटक; चार्म हा त्यांचा एक प्रकार) आणि त्याचा प्रतिक्वार्क यांची जोडी. १९७४ साली रिक्टर आणि टिंग यांच्या गटांना स्वतंत्रपणे सापडलेला जे/साय हा त्यांतला पहिला कण. टक्कर होताच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन नष्ट होतात आणि त्यांच्या ऊर्जेतून नवे कण जन्मतात. ही ऊर्जा एखाद्या योग्य कणाच्या वस्तुमानाशी जुळली की घटनांची संख्या एकदम वाढते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. म्हणून ऊर्जा थोडीथोडी बदलत प्रत्येक टप्प्यावर घटना मोजतात आणि ऊर्जेनुसार त्यांची संख्या आलेखावर मांडतात; ती वाढते तिथे उंचवटा दिसतो.

खरी मौज उंचवट्याच्या रुंदीत आहे. कण जितका अल्पायुषी तितकी त्याची ऊर्जा अनिश्चित, आणि उंचवटा तितका पसरट. जे/सायचे वस्तुमान सुमारे ३०९७ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; कणांचे वस्तुमान ऊर्जेच्या याच एककात मोजतात) असून रुंदी ०.१ एमईव्हीहूनही कमी आहे. टकरींच्या ऊर्जेतला फरकच याहून मोठा असल्याने आलेखावर दिसलेली रुंदी कणाची नव्हती, यंत्राची होती; खरी रुंदी उंचवट्याखालच्या क्षेत्रफळावरून काढावी लागली. याउलट ५० एमईव्ही रुंदीचा कण सेकंदाच्या एक भागिले १० चा २३ वा घात इतक्याच काळात विघटित होतो. प्रकाशालाही तेवढ्या वेळात प्रोटॉनच्या व्यासाच्या दोन-तीन पटींहून पुढे जाता येत नाही.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या बाबर या प्रयोगात ४२६० एमईव्हीजवळ असाच एक रुंद उंचवटा आढळला. तिथल्या टकरींची ऊर्जा याहून कितीतरी जास्त होती. पण टकरीपूर्वीच इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन एक फोटॉन (प्रकाशाचा कण) बाहेर टाकतो आणि उरलेल्या ऊर्जेवर टक्कर होते, या युक्तीमुळे ऊर्जा न बदलताही आलेख मिळाला. पुढे बीजिंगच्या बीईएस-३ प्रयोगाने ऊर्जा बारकाईने बदलत मोजमाप केले, तेव्हा २०१७ मध्ये तो ‘एक’ कण म्हणजे ४२२० आणि ४३२० एमईव्हीच्या आसपासची दोन अनुस्पंदने असल्याचे दिसले. पहिल्याच उंचवट्यावर ‘विश्वाचे रहस्य उलगडले’ असे मथळे देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

त्याआधी, २०१३ मध्ये, बीईएस-३ आणि जपानच्या बेल प्रयोगाला झेड-सी ३९०० नावाचा कण सापडला. तो विद्युतभारित आहे. चार्म आणि प्रतिचार्म यांचा भार मात्र परस्परांना रद्द करतो, त्यामुळे त्यात निदान चार क्वार्क असलेच पाहिजेत. ते एकाच घट्ट गाठोड्यात आहेत की दोन डी-मेसॉन (चार्म किंवा प्रतिचार्म आणि एक हलका क्वार्क वा प्रतिक्वार्क यांच्या जोड्या) सैलसर बांधले गेले आहेत, यावर वाद आहे. शिवाय हा उंचवटा डी आणि डी-स्टार (डी-मेसॉनचेच जड रूप) या मेसॉनांच्या जोडीला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या, म्हणजे ३८७५ एमईव्हीच्या, किंचित वर असल्याने तो त्या उंबरठ्याचाच परिणाम असावा, असेही काही अभ्यासक म्हणतात.