पाठीतलं इंजेक्शन

पाठीतलं इंजेक्शन देताना मुलाला कुशीवर वळवतात, गुडघे पोटाशी घ्यायला लावतात, हनुवटी छातीला टेकवतात. कमरेच्या दोन मणक्यांमधून बारीक सुई आत जाते. आधी पाण्यासारख्या नितळ द्रवाचे थेंब टपकतात, ते तपासणीसाठी बाटलीत धरतात. मग पिवळंधमक औषध हळूहळू आत सोडतात. हे मेथोट्रेक्सेट. मुलांमधल्या रक्ताच्या सर्वांत नेहमीच्या कर्करोगात, म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, या एवढ्याशा सिरिंजने फार मोठा फरक पडला. तो फरक घडवणाऱ्यांमध्ये दोन डॉक्टर असे होते, ज्यांच्या स्वतःच्या पाठीच्या कण्यात पोलिओचा विषाणू आधीच येऊन गेला होता. एक अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड पिंकल, दुसरे आपल्या मुंबईचे डॉ. सुरेश अडवाणी.

पोलिओ ‘होऊन गेला’ असं आपण म्हणतो, पण तो तसा जात नाही. मज्जारज्जूच्या ज्या चेतापेशी स्नायूंना हुकूम देतात, त्याच हा विषाणू मारतो आणि मेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत. शेजारच्या वाचलेल्या पेशी नव्या फांद्या फोडतात आणि पोरके झालेले स्नायू सांभाळायला घेतात. वर्षानुवर्षांच्या या जादा कामाने त्याही थकतात. म्हणून अनेकांना तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा अशक्तपणा येतो. पोलिओ झालेला माणूस जन्मभर मोजक्या शक्तीचा हिशेब ठेवून जगतो.

पिंकल यांना १९५४ मध्ये, लष्करात डॉक्टर असताना, पोलिओने गाठलं. पुढे अमेरिकेच्या उत्तरेकडच्या बफेलो शहरात, तिथल्या कडाक्याच्या थंडीत त्यांना वारंवार न्यूमोनिया व्हायला लागला. उबदार हवेच्या शोधात ते दक्षिणेकडे मेम्फिसला गेले आणि १९६२ मध्ये उघडलेल्या सेंट ज्यूड या मुलांच्या रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. वर्णभेद ऐन भरात असलेल्या त्या शहरात, गोऱ्या-काळ्या मुलांना एकाच वॉर्डात घ्यायचं ही अट त्यांनी सोडली नाही. हा माणूस मला त्यासाठीही मोठा वाटतो.

तेव्हा मुलांच्या या ल्युकेमियातून शंभरात जेमतेम चार मुलं वाचत. औषधांनी रक्त साफ व्हायचं, मूल खेळायला लागायचं, घरच्यांना हायसं वाटायचं आणि काही महिन्यांत डोकेदुखी, उलट्या सुरू व्हायच्या. मेंदूभोवती रक्तातल्या औषधांना सहज आत न सोडणारी एक आडभिंत असते. कर्करोगाच्या पेशी नेमक्या त्या भिंतीआड दडून बसत. पिंकल यांनी ठरवलं की लक्षणांची वाट पाहायची नाही. सगळी औषधं एकत्र द्यायची, डोक्याला किरणोपचार करायचे, पाठीतून मेथोट्रेक्सेट सोडायचं आणि पुढे जवळजवळ तीन वर्षं औषधं थांबवायची नाहीत. आधीचे प्रयत्न अपुरे पडले. १९६७ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या प्रयोगात ३५ मुलं होती. त्यांतली जवळपास निम्मी कायमची बरी झाली.

अडवाणींचा जन्म १९४७ चा, कराचीचा. आठव्या वर्षी पोलिओ झाला. अमेरिकेत साल्क यांची लस आली ती साधारण त्याच सुमारास. या मुलापर्यंत ती पोचायला फार उशीर झाला होता. पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी अपंगत्व आडवं आलं. त्यांनी हट्ट सोडला नाही आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. अमेरिकेत सिॲटलला डॉ. डोनल थॉमस यांच्याकडे ते अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकले. अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा मऊ गर. याच कामासाठी थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं.

मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अडवाणींच्या हातून भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, मज्जा तिच्या भावाची. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्यारोपण म्हटलं की आपल्यासमोर ऑपरेशन थिएटर येतं. दात्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा सुईने ओढायला थिएटर लागतं खरं, पण रुग्णाला ती रक्तासारखी शिरेतून, पिशवी टांगून देतात. तिच्यातल्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी रक्तातून वाहत जाऊन आपलं हाड आपण शोधतात, तिथे रुजतात. मग दोन-तीन आठवडे सगळं घर ‘काउंट वाढले का’, म्हणजे रक्तातल्या पेशी वाढल्या का, एवढंच विचारत राहतं. त्या काळात साधा सर्दी-खोकलाही जिवावर बेतू शकतो.

तरीही अडवाणींचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम दुसरंच आहे. प्रत्यारोपण थोड्यांना मिळतं. वॉर्डात रोज येणारी मुलं शेकड्यांनी असतात. १९८० च्या दशकात मुंबई, दिल्ली आणि चेन्नईच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत याच ल्युकेमियासाठी एमसीपी-८४१ नावाची उपचारपद्धती राबवली, त्यात अडवाणी आघाडीवर होते. महागड्या सोयींशिवाय, इथल्या गर्दीत, कुपोषित मुलांनाही झेपेल अशी ती बेतली होती. पाठीतलं इंजेक्शन तिच्यातही होतं. आधी पाचातलं एखादंच मूल वाचायचं, तिथे निम्म्याच्या आसपास मुलं वाचू लागली.

असं काम एकट्याने होत नाही. चाकाच्या खुर्चीवरून राउंड घेणाऱ्या अडवाणींना ते कुणी वेगळं सांगायला लागलं नसावं. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांचाच दबदबा असलेल्या काळात ‘औषधांनी कर्करोग बरा करणारा डॉक्टर’ ही जातच आपल्याकडे नवी होती. अडवाणींच्या हाताखाली शिकलेले असे डॉक्टर आज देशभर आहेत. मेम्फिसला पिंकल यांच्याबरोबर काम केलेले जोसेफ सिमोन पुढे त्याच रुग्णालयाचे संचालक झाले.

पिंकल २०२२ मध्ये, ९५ व्या वर्षी गेले. डोक्यावरच्या किरणांनी मुलांची वाढ आणि शिकणं खुंटतं, हे मधल्या काळात ध्यानात आलं. सेंट ज्यूडमध्येच ते किरण पूर्ण वगळून पाहिले, तरी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं वाचली. आता जगभर बहुतेक मुलांना ते देत नाहीत. पाठीतलं इंजेक्शन मात्र अजूनही देतात.